सुईची भोकं

सिग्नल लाल झाला म्हणून मी गाडी थांबवली, आणि नेमकं तेव्हाच मागच्या सीटवरून अर्लीनबाईंनी विचारलं, "आर्डिथ, तुमच्याकडे एखादं फसलेलं काम ठेवलंय का हो? विद्यार्थ्यांचं. अगदी वाईट असं." विचारलं तेही चहात साखर घेता का, इतक्या सहज. मी आरशात पाहिलं. त्या खिडकीबाहेर पिठाच्या गिरणीचे उंच गोल मनोरे बघत होत्या. मी म्हटलं, "आहे ना." आणि मागून हॉर्न वाजला. आमच्या वेल्डन गावात कोणी कोणाला हॉर्न वाजवत नाही; पुढचा माणूस झोपला असेल तर उतरून काचेवर टकटक करतील, पण हॉर्न नाही. म्हणजे दिवा हिरवा होऊन बराच वेळ झाला असणार. पायाखालचं पेडल मला सापडेना. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पंचवीस वर्षं त्याच रस्त्याने त्याच कॉलेजात जाणारी, आणि एका साध्या प्रश्नाने तिला उजवा पाय कुठला ते आठवेना. कारण मी खोटं बोलले होते. फसलेलं काम आमच्याकडे नव्हतं. म्हणजे समितीला दाखवण्यासारखं नव्हतं.

ही समिती म्हणजे दोनच माणसं. डॉक्टर अर्लीन बॅटिस्ट लुइझियानाच्या, चाळीस वर्षं गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, केस पांढरे शुभ्र आणि बूट लालभडक. आणि पुढच्या सीटवर गुडघे हनुवटीशी आणून बसलेले हाउगेन, उत्तर डकोटाचे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं व्रत घेतल्यासारखे. आमच्या पदवी अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही हे बघायला ते तीन दिवसांसाठी आले होते, आणि तो दुसरा दिवस होता. कुटुंब आणि ग्राहक विज्ञान असं आता आमच्या दारावर लिहिलेलं असतं. पूर्वी गृहअर्थशास्त्र होतं, आणि गावातले म्हातारे अजून 'ते पोरींचं कॉलेज' म्हणतात. त्यात आहार येतो, बालविकास येतो, घरखर्च येतो, कापड आणि शिवण येतं. शिवण माझं, डॉक्टर आर्डिथ पेनरचं, आणि विभागप्रमुखही मीच. दर दहा वर्षांनी आपलीच तपासणी आपण करायची, तिचा जाडजूड अहवाल लिहायचा आणि मग आपल्याच धंद्यातल्या दोन परक्या माणसांना घरात घेऊन म्हणायचं, बघा. मी तो अहवाल अकरा महिने लिहिला. दोनशे बारा पानं. नवरा म्हणायचा, "तू आता झोपेतसुद्धा परिशिष्ट क पाहा म्हणतेस." म्हणत असेन. पण ह्या वेळी गोष्ट नुसत्या अहवालाची नव्हती. जानेवारीत डीनच्या खोलीत गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर आमच्या इमारतीचा नकाशा पसरलेला होता आणि खोली क्रमांक एकशे चौदा, म्हणजे माझी वीस मशिनांची शिवणाची खोली, तिच्यावर पेन्सिलीने 'गेमिंग', म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ, असं लिहिलं होतं. मला बघून त्यांनी नकाशा उलटा केला. मग बहुधा स्वतःचीच लाज वाटून पुन्हा सुलटा केला. ते मूळचे रसायनशास्त्राचे, माणूस वाईट नाही. सरळ म्हणाले, मान्यता मिळाली तर पुढली दहा वर्षं मी ह्या खोलीला हात लावत नाही. नाही मिळाली तर मात्र, आर्डिथ, मला अडवू नका. त्रेसष्ट विद्यार्थी आणि चार शिक्षक त्या पेन्सिलीच्या एका शब्दाखाली दबलेले होते, आणि ते फक्त मला माहीत होतं. मला आणि ट्वायलाला. ट्वायला रेगियर आहार शिकवते, वीस वर्षं शेजारच्या खोलीत आहे, तिच्यापासून मला काही लपवता येत नाही.

आमच्याकडे फसलेलं काम का नाही, ह्याचंही कारण आहे, आणि गंमत म्हणजे कालपर्यंत मला त्याचा अभिमान होता. एकशे चौदाच्या दारावर आतल्या बाजूने एक लाकडी पाटी आहे. आमच्या विभागाची पहिली शिक्षिका, एल्फ्रीडा गोअर्ट्झ, तिने स्वतः कोरलेली: वाकडी शिवण ह्या दारातून बाहेर जात नाही. मी तिच्या शेवटच्या वर्गातली. शिवण वाकडी गेली की टाके उसवायची छोटी सुरी घ्यायची, एक टाका सोडून एक कापायचा, धागा ओढून काढायचा, कापड इस्त्रीखाली नीट करायचं आणि पुन्हा शिवायचं. पुन्हा वाकडी, पुन्हा उसवायची. नापास कोणी होत नाही. सरळ होईपर्यंत फक्त सुटका नसते. मीही तेच शिकवलं. माझ्या मुली दुसऱ्या कॉलेजांच्या मुलींसमोर झगा उलटा करून आतली बाजू दाखवतात, इतकी ती स्वच्छ असते. आता मान्यतेच्या नियमात लिहिलेलं असतं की उत्तम, मध्यम आणि कमी प्रतीचं, अशी तिन्ही कामं पुराव्याला ठेवा. उत्तमची पेटी पहिल्याच दिवशी भरली. मध्यमची भरायला आठवडा लागला. कमी प्रतीच्या पेटीत काय घालावं हे मार्चपर्यंत सुचेना, तेव्हा शेवटी शंभरात अठ्ठ्याहत्तर गुण मिळालेलं एक ॲप्रन घातलं, त्याला कडक इस्त्री करून. पाहुणे यायचे म्हटल्यावर आमच्यात दुसरं काय करतात? फडताळं आवरतात. बाथरूममधले टॉवेल बदलतात. सगळं आयुष्य घर नीट कसं ठेवावं हे शिकवण्यात गेलेल्या बायकांना कोणी म्हणावं की जरा पसारा दाखवा, तर त्या पसारा आणणार कुठून?

आम्ही इमारतीत शिरलो, पायऱ्या चढलो, मी त्यांना पुराव्याच्या खोलीत बसवलं, कॉफी आणून दिली, आणि हे सगळं करत असताना मी खरं म्हणजे नऊ वर्षांची होते आणि आमच्या शेतावरच्या घरात गोधडीच्या लाकडी चौकटीशी बसलेली होते. आमचे लोक मेनोनाइट, साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातले. वर्षातून एकदा गोधड्यांचा लिलाव करतात, पैसा दूरदूरच्या उपाशी लोकांना जातो, आणि कोणाच्या गोधडीला किती बोली लागली हे मात्र पुढल्या लिलावापर्यंत लक्षात ठेवतात. त्या वर्षी आईने मला एक कोपरा दिला होता. रोज शाळेत जाण्याआधी अर्धा तास मी टाके घालायची. संध्याकाळी येऊन पाहिलं की टाके वेगळेच दिसायचे, बारीक, एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे. आधी वाटलं की कापड दिवसभर पडून राहिलं की टाके आपोआप बसत असतील, पावाचं पीठ फुगतं तसे. मग एक दिवस पोट दुखतं म्हणून शाळेतून लवकर आले तर आई चौकटीशी बसून माझे टाके उसवत होती. तिने मला पाहिलं नाही. मी अंगणात जाऊन उभी राहिले, नेहमीच्या वेळेला परत आत गेले. लिलावात बायकांनी माझा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या की काय हात आहे ह्या पोरीचा. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. आई ऐंशी वर्षांची झाली तेव्हा मी तिला विचारलं होतं, का ग उसवायचीस? ती गोंधळून म्हणाली, "अगं, लोक हसले असते तुला." म्हणजे ते प्रेम होतं. त्याबद्दल मला शंका नाही. पण माझे खरे टाके कसे होते, हे मला आजतागायत माहीत नाही.

अकराच्या सुमाराला अर्लीनबाईंनी उत्तमच्या पेटीतला पहिला स्कर्ट काढला. तलम राखाडी टाफेटा, रेशमासारखं सळसळतं कापड, आमच्या सर्वांत चांगल्या मुलीचा. त्यांनी गुणपत्रकाकडे पाहिलंसुद्धा नाही. स्कर्ट घेऊन खिडकीपाशी गेल्या, शिवणीचा भाग दोन्ही हातांत ताणला आणि उजेडासमोर धरला. मी काय ते समजले. टाफेटा काही विसरत नाही. लोकरी कापड सुई गेली की मिटून जातं, सुती कापड धुतलं की मिटतं; टाफेट्यात सुई एकदा शिरली की भोक कायमचं. सरळ, सुंदर शिवणीच्या शेजारी, नुसत्या डोळ्याला न दिसणारी, उजेडात मात्र चांदण्यांसारखी लुकलुकणारी भोकांची ओळ होती. तिच्याशेजारी आणखी दोन. "चार वेळा," अर्लीनबाई म्हणाल्या. हाउगेनसुद्धा उठून आले. "पहिल्यांदा उजवीकडे पळालीय. मग भीतीने डावीकडे. तिसऱ्यांदा हात थरथरलाय. बघा, इथे पोरगी शिकली." त्या स्कर्ट वाचत होत्या, मी लिहिलेला अहवाल नव्हे. मग स्कर्ट खाली ठेवून हसत म्हणाल्या, "पाहुणे यायच्या आधी घर आवरलंत. मीही तेच करते. पण आर्डिथ, मला फडताळाच्या आत काय आहे ते बघायला पाठवलंय." आणि मग आवाज न बदलता त्यांनी अहवालाचं सत्तेचाळिसावं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की आमचे शंभरातले चौऱ्याण्णव विद्यार्थी पदवी पूर्ण करतात. "कुठल्या शंभरातले?" मी म्हटलं, तिसऱ्या वर्षाला आलेल्या. त्यांनी पेन्सिलीने समासात बारीकशी खूण केली. पेन्सिलीच्या खुणांची मला त्या वर्षी धास्तीच बसली होती.

दुपारी मुलांनी जेवण वाढलं. आमच्या भागात शाळांच्या जेवणापासून चालत आलेलं, तिखट राजम्याची चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड गरम रोल. अर्लीनबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि ट्वायलाला विचारलं की ह्यातलं आधी काय खायचं. ट्वायला म्हणाली, "रोल चिलीत बुडवायचा." अर्लीनबाई म्हणाल्या, लुइझियानात ह्याबद्दल माणसाला चर्चमधून काढून टाकतील. पण बुडवला, खाल्ला आणि दुसरा मागितला. मुलं खूश झाली. माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, माझ्या टेबलाचा खालचा खण.

त्या खणात एक हिरवा स्कर्ट होता. यारेली ओरोस्कोचा. तीन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या वर्षाला होती. बाप चाळीस मैलांवरच्या गावात मांसाच्या कारखान्यात पाळीवर, आणि ही रोज एका खडखडत्या जुन्या गाडीतून यायची-जायची. तिला शाळेत गृहविज्ञानाची शिक्षिका व्हायचं होतं. बालविकासात पहिली, घरखर्चाच्या हिशेबात पहिली, आणि शिवणात मात्र हात दगड. स्कर्टला कमरेशी झिप लावायची होती, आणि तिने हट्टाने टाफेटा आणला होता, कारण बहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्यातला तो उरलेला होता. पहिली झिप वाकडी गेली. मी म्हटलं, उसव. दुसरी, उसव. मी रागावत नाही, कधीच रागावले नाही, ते तर जास्तच वाईट. मी नुसती तिच्या मागे उभी राहून शांतपणे म्हणायची, उसव. नवव्यांदा कापड झिपेच्या कडेने फाटत गेलं. तिने स्कर्टची चौकोनी घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे आता कापड राहिलं नाही, डॉक्टर पेनर." आणि गेली. मला वाटलं, सोमवारी येईल. सोमवारी आली नाही. पंधरा दिवसांनी एक छापील अर्ज आला, अभ्यासक्रम सोडला, वैयक्तिक कारण, आणि खाली विभागप्रमुखाच्या सहीची जागा. मी सही केली. तिसऱ्या वर्षाला ती आलीच नाही, म्हणून शंभरातल्या चौऱ्याण्णवांत ती नाही आणि उरलेल्या सहांतही नाही. स्कर्ट टाकवेना. आमच्यात कापड टाकत नाहीत, खिशाच्या अस्तराला होईल असं मी स्वतःला सांगितलं. पण अस्तराला मी तो कधी काढला नाही. कधीमधी खण उघडून झिप बघायची. नवव्या वेळची ती शिवण जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी वाकडी होती. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात ती पोरगी पास झाली असती.

जेवणानंतर मी ट्वायलाला माझ्या खोलीत बोलावलं आणि खण उघडून दाखवला. तिने यारेलीला ओळखलं. स्कर्टला हातही लावला नाही. मला म्हणाली, "आर्डिथ, वेडी आहेस का? झाकली मूठ सव्वा लाखाची. अठ्ठ्याहत्तरचं ॲप्रन आहे ना पेटीत? आहे. त्यांनी पेटी मोजली, झालं." मी म्हटलं की त्यांनी कापड उजेडाला धरलंय. ती म्हणाली, "धरू देत. तू ह्याच्यावर बोललीस तर ते विचारणार, मग पुढे काय बदललंत? काय सांगशील?" ट्वायला खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर आमचा मार्चचा वारा सुटला होता आणि कोणाची तरी कचऱ्याची बादली रस्त्यावरून गडगडत चालली होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझी पेन्शन सहा वर्षांवर आहे." ती हे रागाने म्हणाली नाही. मला तिची दया आली, आणि माझीही. डोक्यात अठ्ठ्याहत्तरचं ते ॲप्रन सारखं येत होतं. त्याला मी इस्त्री केली होती. माझ्या हातांनी, कापडावर पाणी शिंपडून, दोन्ही बाजूंनी. आई लिलावाच्या आदल्या दिवशी गोधडीवरून हात फिरवायची तसा मी त्यावरून हात फिरवला होता, आणि आता त्या आठवणीने माझे कान तापले.

साडेचारला मी पुराव्याच्या खोलीत गेले. हाउगेन कॉलेजची बालवाडी बघायला गेले होते. अर्लीनबाई एकट्याच होत्या, लाल बूट काढून टेबलाखाली ठेवलेले, पाय मोज्यांत. मी हिरवा स्कर्ट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, घडी उलगडली, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. उजेडाला धरायची गरजच नव्हती.

"किती वेळा?"

"नऊ."

"आणि मग?"

"मग ती गेली. अर्जावर वैयक्तिक कारण लिहिलंय."

"मी अर्जाचं नाही विचारलं."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तिला विचारलं नाही."

"मग पुढे काय बदललंत?"

ट्वायलाने सांगितलेला तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मला दोन-तीन उत्तरं सुचली. अकरा महिने अहवाल लिहिलेल्या बाईला उत्तरं सुचतात. अध्यापनपद्धतीचा पुनर्विचार सुरू आहे, असं एक वाक्य तर अहवालात होतंच, सव्विसाव्या पानावर. मी म्हटलं, "काहीच नाही. स्कर्ट घडी करून खणात ठेवला." अर्लीनबाईंनी मला खुर्ची सरकवली नाही, पाणी दिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी वही ओढली आणि म्हणाल्या, "हे मी लिहिणार, आर्डिथ. तुम्ही विश्वासाने दाखवलंत म्हणून गाळणार नाही." मी म्हटलं, "लिहा." आणि बाहेर आले. व्हरांड्यात मुली हसत चालल्या होत्या. मला वाटलं की मी ह्यांची खोली घालवली. चाव्या हातात होत्या, आणि एकशे चौदाचं दार लावताना मी पहिल्यांदा ती पाटी परक्यासारखी वाचली. एल्फ्रीडाबाईंनी शिवणीबद्दल लिहिलं होतं. त्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलींबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं, आणि आम्हीही कधी मोजलं नाही. घरी गेले तर नवऱ्याने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "चेहऱ्यावरून तरी बरं झालेलं दिसतंय." खरंच भीती होती, आणि भीतीच्या खाली कुठेतरी नऊ वर्षांच्या पोरीसारखं मोकळं मोकळं वाटत होतं. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी दहाला शेवटची बैठक. डीन, ट्वायला, मी आणि ते दोघं. अर्लीनबाईंनी उभ्या राहून वाचलं. बालवाडी उत्तम, आहाराची प्रयोगशाळा उत्तम, विद्यार्थ्यांची गावाबद्दलची ओढ फार चांगली. जेवणाबद्दल मतभेद आहेत, असं त्यांनी मध्येच घातलं आणि हाउगेन तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. मग पान उलटलं. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची कुठेही नोंद नाही. टक्केवारी फक्त टिकलेल्यांवर काढलेली आहे. चूक दुरुस्त करण्याची शिस्त आहे, पण चूक समजून घेण्याची रीत नाही. उदाहरण, एक हिरवा स्कर्ट, विभागप्रमुखांनी स्वतःहून सादर केलेला. डीननी माझ्याकडे पाहिलं. ट्वायलाने टेबलाखालून माझा हात धरला. डीन म्हणाले की थोडक्यात सांगा, हो की नाही? अर्लीनबाईंनी सांगितलं की निर्णय मान्यता मंडळाचा, तो जूनमध्ये येईल. "पण शिफारस आमची. आम्ही मान्यतेची शिफारस करतोय, अट घालून. दोन वर्षांनी ह्यांनी अहवाल द्यायचा, कोण सोडून गेलं, त्यांना विचारलं का, आणि विचारल्यावर काय बदललं." मग त्या डीनकडे वळल्या. "त्या पेटीत फक्त ते ॲप्रन राहिलं असतं, डीनसाहेब, तर मी ही शिफारस केली नसती. इस्त्री केलेल्या चुका मला बघता येत नाहीत." डीननी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, ते म्हणाले. मंडळाचं मंडळ बघेल, पण तोपर्यंत खोली आहे तशी राहील. विमानतळावर सोडताना अर्लीनबाईंनी माझ्याशी शिवणाबद्दल अक्षरही काढलं नाही. ट्वायलाच्या रोलची कृती मात्र लिहून घेतली.

परत आले तेव्हा शुक्रवारची दुपार होती, इमारत रिकामी. अहवालाला दोन वर्षं होती. मी यारेलीचा जुना अर्ज काढला. त्यावर फोन नंबर होता, तीन वर्षं तिथेच होता. फोन लावून कट केला. पुन्हा लावला. मागे मोठा गलका ऐकू आला, पोरांचा, आणि मग तिचा आवाज, जरा पोक्त झालेला, पण तोच. मी नाव सांगितलं.

"डॉक्टर पेनर? कोणाला काही झालंय का?"

मी म्हटलं की कोणाला काही झालं नाही. मला तुला तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते आता विचारतेय, तू का गेलीस? पलीकडे गलका दूर झाला; ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. म्हणाली, "हे कॉलेजच्या फॉर्मसाठी आहे का?"

"फॉर्म आहे. पण विचारतेय मी."

ती बोलायच्या आधीच मला उत्तरं सुचू लागली, बापाची पाळी, जुनी गाडी, चाळीस मैल, फी. ती उत्तरं तिने दिली असती तर मी आनंदाने लिहून घेतली असती. ती म्हणाली, "उसवायचं काही वाटलं नाही मला. माझी आईसुद्धा उसवते. पण तुम्ही नऊ वेळा माझ्या मागे उभ्या राहिलात, एकदाही शेजारी बसला नाहीत. माझे हात कुठे चुकतायत ते तुम्हाला मागून दिसतच नव्हतं. मी डावरी आहे, डॉक्टर पेनर. तुम्हाला माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं मी मशीन उजव्या हाताने शिकवलं, आणि मागे उभं राहिल्यावर सगळ्या पोरींची पाठच दिसते. मी म्हटलं, "नव्हतं." आणि मग, "माझं चुकलं, यारेली." हे वाक्य मी ह्यापूर्वी त्या इमारतीत कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. तिने काही माफबिफ केलं नाही. एका पाळणाघरात काम करते म्हणाली, पगार बरा आहे, पोरं बरी आहेत, पण दुसऱ्यांच्या हाताखाली किती वर्षं काढायची. मी ऐकत होते आणि लिहीत होते, तिचेच शब्द, न सुधारता. पेनाचा आवाज तिला गेला असणार.

"लिहून घेताय?"

"हो."

"मग हेही लिहा. पास झालेल्या विषयांची माझी साठ क्रेडिट अजून तुमच्याकडे जमा आहेत. मी चौकशी केली होती, गेल्या वर्षी. मग फोन ठेवून दिला." मागे कुठलं तरी पोर तिला हाक मारत होतं, मिस यारी, मिस यारी. "शनिवारी मला सुट्टी असते. उद्या त्या खोलीत कोणी असतं का?"

"मी असेन," मी म्हटलं.

"कितीला येऊ?"

"नऊला. मी आधीच येऊन मशीनपाशी बसते. तुझ्या डाव्या हाताला."